हार्लन कॉलेजच्या यादीत नसलेलं नाव

वेंडेल प्रुसाक आमच्या गावाला पाणी पाजतो. नदीचं गढूळ पाणी एका टोकाने आत घ्यायचं, गाळायचं, त्यात औषधं घालायची, तपासायचं आणि टाकीत चढवायचं. हे काम तो चोवीस वर्षं करतो आहे. पेनसिल्वेनियाच्या या कोपऱ्यात काचेचे कारखाने होते तेव्हा गावात अकरा हजार माणसं होती, आता चार हजार आहेत. पण पाणी तेवढंच नीट लागतं. पाणी शुद्ध करणाऱ्यांसाठीची राज्याची सगळ्यात वरची परीक्षा पास झालेला आमच्या तालुक्यातला तो एकटा माणूस.

मी नगरपालिकेच्या कचेरीत कारकून. नोकरांच्या फायली माझ्या कपाटात असतात. वेंडेल कॉलेज करून आला आहे हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण त्याचे वडील लिओनार्ड दर शुक्रवारी चर्चमध्ये गावजेवणाचे मासे तळताना ते कुणाला ना कुणाला सांगत. "आमच्या घराण्यात पहिला. हार्लन कॉलेज!" म्हणत आणि झारा हवेत धरत. वेंडेलच्या फायलीत मात्र शिक्षणाच्या रकान्यात 'हायस्कूल' एवढंच होतं. नोकरीला तेवढंच लागायचं. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाकीचं लिहायचा कंटाळा केला असेल. पुढे खरं काय ते लक्षात आलं, पण मी त्याचा विचार सोडून दिला. फायलीतलं बाहेर बोलायचं नसतं.

त्याची मुलगी कोरीन सतरा वर्षांची झाली, त्या ऑक्टोबरात शेजारच्या तालुक्याच्या शाळेत कॉलेजांचा मेळावा होता. माझी मुलगी ब्रायनी कोरीनच्याच वर्गात, म्हणून आम्हीही गेलो होतो. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी टेबलं मांडलेली. प्रत्येकावर निळा नाहीतर लाल कपडा, पेनं, गोळ्या, माहितीपत्रकं आणि मागे हसून हसून गाल दुखलेला कुणीतरी. पोरांनी आपापल्या फोनवरची नाव-पत्त्याची चौकोनी खूण दाखवायची, टेबलवाल्याने ती टिपायची, आणि दुसऱ्या दिवसापासून घरी पत्रांचा पाऊस. आयांच्या हातात पिशव्या होत्या. बाप लोक गाडी कुठे लावली यावर बोलत होते.

वेंडेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याला तसा पाहिल्याचं मला आठवत नाही. त्याची बायको ग्वेन शाळेची बस चालवते, तिची फेरी होती म्हणून ती आली नव्हती.

"आधी कुठे जायचं?" त्याने कोरीनला विचारलं.

"अर्थात हार्लन! तुझं कॉलेज सोडून आधी दुसरीकडे गेले तर आजोबा मला जेवायला वाढायचे नाहीत."

"तिथे गर्दी आहे. आधी त्या बाजूने सुरुवात करू."

"बाबा, पाच माणसं आहेत. ह्याला गर्दी म्हणतात?"

मी आणि ब्रायनी त्यांच्या मागेच उभ्या होतो. हार्लनच्या टेबलामागे टॅमसिन नावाची एक तरुण मुलगी होती, नाव छातीवर लावलेलं. कोरीनने खूण दाखवली आणि लगेच म्हणाली, "माझे बाबा तुमच्याच कॉलेजचे. चौऱ्याण्णव सालचे."

"अरे वा! मग तुला अर्जाची फी नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी वेगळी शिष्यवृत्तीसुद्धा आहे." टॅमसिनने समोरच्या टॅबलेटवर बोट फिरवायला सुरुवात केली. "आडनाव?"

"प्रुसाक."

तिने शोधलं, परत शोधलं. "शेवटी के की सी? इथे दिसत नाहीये. कधीकधी जुन्या याद्यांत चुका असतात, सर. तुमचा विषय कोणता होता?"

"बाबा, सांग ना तिला."

वेंडेल टेबलावरच्या पेनांकडे बघत होता. मग म्हणाला, "यादीत चूक नाही. नाव नसेल तिथे. मी कॉलेज पुरं केलं नाही."

आवाज मोठा नव्हता, पण रांगेत आम्ही सगळे होतो. टॅमसिन बिचारी चटकन म्हणाली, "काही हरकत नाही हो, पुष्कळांचं राहतं," आणि कोरीनच्या हातात माहितीपत्रक दिलं. कोरीनने ते घेतलं, पिशवीत घातलं आणि बापाकडे न बघता पुढच्या टेबलाकडे गेली.

तो तिच्या मागे गेला नाही. कडेला प्रेक्षकांच्या पायऱ्या होत्या, तिथे जाऊन बसला. कोरीनने पुढचा सव्वा तास सगळा मेळावा रीतसर पाहिला. प्रत्येक टेबलाशी प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतलं. थोड्या वेळाने मी वेंडेलशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "हॉलमध्ये फार उकडतंय."

तो म्हणाला, "तुला ठाऊक होतं. फाइल तुझ्याकडेच आहे."

"होतं," मी म्हटलं.

मग गाडीत काय झालं ते त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं. दहा मैल गेल्यावर कोरीनने विचारलं, "आईला माहीत आहे?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं."

"आजोबांना?"

"नाही."

"म्हणजे तू काय केलंस नक्की?"

त्याने सांगितलं. अडीच वर्षं कॉलेज केलं, सहाव्या सत्राला नाव घातलं नाही. घरी कळवलं नाही. कॉलेजच्याच गावात एका पिझ्झाच्या दुकानात दीड वर्ष भट्टीवर काम केलं. जूनमध्ये घरी परतला. त्या वर्षी आई आजारी होती, त्यामुळे पदवीच्या समारंभाला कुणी येणारच नव्हतं. स्टेशनवर वडिलांनी मिठी मारली आणि म्हणाले, झालास ना पदवीधर! त्याने मान हलवली.

"मी खोटं बोललो नाही, फक्त नाही म्हणालो नाही," असं तो तिला म्हणाला. आणि मग स्वतःच म्हणाला, "हे खोटंच."

"दहावीत मला रसायनात कमी मार्क पडले," कोरीन म्हणाली, "तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? 'मी कॉलेजात याहून अवघड पेपर दिलेत, रडत नव्हतो.' तेवढ्यावर मी व्हॉलीबॉल सोडला, बाबा. टीम सोडली."

यावर तो चूक झाली म्हणाला. ती म्हणाली, "हो, झाली," आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तीन आठवडे ती त्याच्याशी मिठाची बाटली दे आणि किल्ली कुठे आहे एवढंच बोलली. ग्वेनने मध्ये पडायचं नाकारलं. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, खरं सांगून टाक."

मेळाव्यानंतरच्या रविवारी वेंडेल वडिलांकडे गेला. लिओनार्ड चौऱ्याऐंशी वर्षांचे, म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत दोन खोल्यांत राहतात. टीव्हीवर फुटबॉल चालू होतं. वेंडेलने आवाज कमी केला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

म्हातारा म्हणाला, "दीड वर्ष भट्टीवर?"

"हो."

"मीही भट्टीवरच होतो की रे आयुष्यभर. काचेच्या." आणि म्हणाला, "मग घरी का नाही आलास?"

वेंडेल मला म्हणाला की ओरडले असते, चपला फेकल्या असत्या तरी चाललं असतं. त्यासाठी तो तयार होऊन गेला होता. ह्या प्रश्नाचं उत्तर तो तीस वर्षांत शोधायला गेला नव्हता. "भीती वाटली," एवढंच त्याला बोलता आलं.

"माझी?"

"तुमच्या आनंदाची."

लिओनार्डने टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. सामना संपल्यावर दोघं सूप प्यायले. त्यानंतर चर्चमध्ये मासे तळताना म्हाताऱ्याने हार्लनचं नाव काढलं नाही. दोन-तीन शुक्रवार तो आलाच नाही, मग यायला लागला, आणि आता पाण्याच्या परीक्षेबद्दल सांगतो. ती किती कठीण असते याबद्दलचं निम्मं त्याने मनानेच रचलेलं असतं.

कोरीनने हार्लनला अर्ज केला नाही. रागाने नव्हे. तिथे तिला हवा तो विषय नव्हता. ती उत्तरेकडच्या एका सरकारी कॉलेजात जमीनमोजणी शिकते आहे. अर्जासोबत निबंध लागतो, तो तिने बापाबद्दल लिहिला आहे असं ब्रायनी मला म्हणाली. वेंडेलने तो वाचायला मागितला नाही आणि तिने दाखवला नाही.

त्याला हार्लनकडून एक पत्र आलं होतं. टॅमसिननेच पाठवलं असावं. राहिलेली सत्रं घरबसल्या पुरी करता येतील, असं त्यात होतं. तो ते मला दाखवायला कचेरीत घेऊन आला.

"करणार?" मी विचारलं.

"नाही. आता कशाला? माझं काम मला येतं." त्याने पत्र घडी करून खिशात घातलं. मग म्हणाला, "ती फाइल काढ जरा. रकान्यात दुरुस्ती करायची आहे."

मी फाइल काढली. 'हायस्कूल'च्या पुढे त्याने स्वल्पविराम दिला आणि लिहिलं, 'कॉलेज, पाच सत्रं'. खाली तारीख घातली, सही केली. दुपारी दोनच्या पाळीला त्याला पाण्याचे नमुने घ्यायचे होते, म्हणून तो थांबला नाही.