कोंबडीखालचे दुकानातले अंडे

पुऱ्या पातुरात कोंबड्यायतलं माह्याएवढं कोणालेच समजत नाही. फक्त माह्या कोंबड्यायले हे अजून पटलं नाही.

शेजारची काकू कोंबडीले "ये वं माय" म्हणते अन् माणसाले "काय हाय?" म्हणते, तेही तंबाखू थुकल्यावर.

माही कोंबडी खुडूक झाली, अंडे उबवाले बसू लागली, तवा मी दुकानातले पांढरे अंडे आणून तिच्याखाली ठेवले. ते बिचारी दाणापाणी सोडून बसली, पार वाळून गेली, पण पिल्लू काही निघेना. काकूनं एक अंडं उन्हात धरून पाह्यलं अन् कोंबडीच उचलली. तिले पाणी पाजलं अन् काखेत धरून आपल्या घरी नेऊन राहिली.

"काकू, माही कोंबडी काहून नेता?"

"दुकानातल्या अंड्यायले कोंबडा लागलेला असते का रे, पिल्लू निघाले, बयताडा? तिले नाही समजलं, ते कोंबडी हाय. तू कोण हायेस?"