पादचारी

सोफे शिवणाऱ्या या गृहस्थाला ओढ्यावरची मंडळी ‘पादचारी’ म्हणत, आणि तो त्या नावाला निमूटपणे ओ देई. कयाकमध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होडीत, बसून डोंगर उतरणाऱ्या माणसाला हे नाव पडलं ते काही उगीच नाही. ओढ्यात जिथे जिथे मोठी उडी यायची, तिथे तिथे हा कयाकमधून बाहेर पडायचा, ती खांद्यावर घ्यायचा आणि काठाकाठाने, दगडाधोंड्यांतून, घाम पुसत खाली जायचा. बाकीचे तिघं धबधब्यावरून यायचे. अर्थात हा खाली पोचल्यावरच. कारण त्यांच्यात एक नियम होता: जो चालत जाईल त्याने खाली दोरी घेऊन उभं राहायचं. चालत जाणारा कायम एकच असल्यामुळे नियम मोडायची वेळ कधी आली नाही.

या नादाला तो लागला फोमपायी. बेकरीवाला एकदा आपली लाल कयाक दुकानात घेऊन आला आणि म्हणाला, “यात माझी कंबर घट्ट बसेल असं काहीतरी करा. उलटी झाली की मी एकीकडे आणि ही एकीकडे.” आयुष्यभर माणसांना ऐसपैस बसवण्याचं काम केलेल्या सोफेवाल्याला आवळून बसवण्याचं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्याने लांब सुरीने फोम कापला, चिकटवला, पुन्हा कापला. मग तो बसतो कसा हे पाहायला ओढ्यावर गेला, आणि गेला तो गेलाच. पुढच्या पावसाळ्यात दुकानाच्या मागच्या खोलीत, स्प्रिंगांच्या वेटोळ्यांमध्ये, त्याची स्वतःची कयाक उभी होती.

ओढा पावसाच्या मर्जीचा. एरवी तिथे नुसते गोटे, आणि गोट्यांत शेळ्या. रात्रभर डोंगरावर पाऊस कोसळला की सकाळी पोहण्याच्या मास्तरांचा फोन यायचा. मास्तर या कंपूचे पुढारी. एकच शब्द बोलायचे: “आलंय.” इकडे शटर खाली. गिऱ्हाइकांचे सोफे हाडांच्या सापळ्यासारखे फूटपाथवर ताटकळत आणि मालक डोंगरात. कोणी चिडून घरी फोन केलाच तर बायको शांतपणे सांगायची, “आज ओढा आहे. सोफ्याचं ऊन पडल्यावर बोलू.”

बायको हे अभिमानाने सांगायची, आणि तिथेच सगळी गोम होती. दुकानात टेबलाच्या वर एक मोठा फोटो होता. दुमजली उंचीचा धबधबा, मधोमध हवेत एक कयाक, हेल्मेटखाली तोंड दिसत नाही. गिऱ्हाइकं विचारायची, “हे तुम्हीच का हो?” तेव्हा आमचा पादचारी बारीक खिळ्यांची मूठ उचलून तोंडात टाकायचा. तोंडात खिळे असलेल्या माणसाला कोण बोलायला लावणार? तो खोटं एकदाही बोलला नाही. मेहुण्याने मात्र साऱ्या नातेवाइकांत डंका पिटला की आमचे भावजी धबधब्यावरून उड्या घेतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तर मुठीत खिळे होते.

मूठ उघडायची वेळ आणली मुलीने. ती परगावी नर्स. सुट्टीवर आली, आणि नेमका त्याच सकाळी मास्तरांचा फोन आला. “मीही येणार,” ती म्हणाली. “इतकी वर्षं नुसतं ऐकतेय. आज मला तुमची उडी बघायचीय, बाबा.”

बाबांच्या तोंडात त्या वेळी खिळे नव्हते. “ये की,” ते म्हणून बसले. वाटेत गाडी चालवताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं: शेंडी तुटो की पारंबी तुटो, आज उडी घ्यायचीच. जगात दुसऱ्या कोणापुढे मान खाली गेली तरी चालली असती. या एका पोरीपुढे नको.

फोटोतल्या धबधब्याला मंडळी ‘गिरणी’ म्हणत. वर चिंचोळी फट, खाली गोल डोह, आणि कोसळलेलं पाणी उलटं फिरून पुन्हा कड्याच्याच पायथ्याशी येतं. आत पडलेली वस्तू ते बाहेर सोडतंच असं नाही. मग काठावरच्याने दोरीचं एक टोक हातात धरून फेकलेली दोरीची पिशवी नेमकी बुडणाऱ्याच्या हातात पडावी लागते. पादचाऱ्याने तिघांनाही कितीदा तरी असं ओढून काढलं होतं. बाहेर आलेला प्रत्येक जण खोकत खोकत एकच वाक्य म्हणायचा, “मी येतच होतो.”

गिरणीच्या वर सगळे थांबले; मुलगी काठाकाठाने चालत आली होती. सवयीने तिघांनी पादचाऱ्याकडे पाहिलं, की हा आता कयाक उचलेल.

“आज मी जाणार,” तो म्हणाला.

“कुठून?” मास्तरांनी विचारलं.

“वरून.”

इतकी वर्षं ज्यांनी ‘काय पादचारी, फूटपाथ सापडला का?’ म्हणून जीव नकोसा केला होता, त्यांनी खरं तर टाळ्या वाजवायच्या. पण तिघांची पाचावर धारण बसली.

“मग खाली कोण?” बेकरीवाला म्हणाला.

मास्तरांना एकाएकी पाणी जरा जास्तच चढलेलं दिसलं. चौथ्या मेंबर वकीलबाई. त्यांनी त्याची बाजू त्याच्याच विरुद्ध मांडायला घेतली: “हे बघा, तुमच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. तुम्ही आजवर कधी गेला नाहीत, तर आजच काय अडलंय?”

मुलीने मान वळवली. “कधीच गेला नाहीत?”

बेकरीवाला हेल्मेटचा पट्टा सोडून पुन्हा आवळू लागला.

“मग दुकानातल्या फोटोत कोण आहे?”

“मी,” बेकरीवाला म्हणाला. बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. फोटो छान आला होता, इतकंच.

पादचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणीत पाणी वाहत होतं. मुलीने राग केला असता तर त्याने तो सोसला असता. तिने नुसता त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून तपासला, आणि तेच त्याला लागलं. तो कयाकमध्ये बसला, कंबर फोममध्ये रुतवली आणि म्हणाला, “खाली जा सगळे.”

मग ओढ्याने कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. मास्तर, बेकरीवाला आणि वकीलबाई कयाकी खांद्यावर घेऊन, दगडांवरून घसरत, एकमेकांवर डाफरत पायी निघाले. मुलगी मागोमाग. नियमाप्रमाणे तिघांनीही दोऱ्या हातात घेतल्या. कशी फेकायची हे एकालाही आठवत नव्हतं. शिकले होते कधीतरी, पण गरज कुठे पडली होती!

तो आला. फटीतून कयाकचं नाक बाहेर आलं, खाली झुकलं, सगळं पांढरं झालं आणि पुढच्याच क्षणी तो फेसातून सरळ, कोरडं डोकं नसलं तरी ताठ मान ठेवून, डोहाच्या मध्यावर आला. सुखरूप. गिरणीने त्याला साधं विचारलंही नाही.

पण धास्तावलेल्या तिघांनी त्याआधीच दोऱ्या फेकल्या होत्या. मास्तरांची दोरी वल्ह्याला गुंडाळली, वकीलबाईंची झाडात गेली आणि बेकरीवाल्याची पिशवी थेट हेल्मेटवर आदळून कयाकच्या टोकाला अडकली. त्यात मास्तर आणि बेकरीवाल्याने जीव खाऊन ओढायला सुरुवात केली, तीही वेगवेगळ्या दिशांना. धबधब्याने जे केलं नाही ते मित्रांनी केलं. कयाक उलटली. भीक नको पण कुत्रा आवर, असं ओरडायला पादचाऱ्याचं तोंड पाण्याबाहेर नव्हतं. तो कसाबसा बाहेर निसटला आणि पोहत काठाला आला. मुलीने त्याला लाइफ जॅकेटच्या पट्ट्याला धरून वर ओढलं, आणि नर्सच्या सवयीने आधी डोळ्यांत बघितलं, मग डोकं चाचपलं.

मग तिने फोन लावला. “आई, बाबा ठीक आहेत. नाही गं, पडले नाहीत. पाडले त्यांना.”

“कसं वाटलं वरून येताना?” फोन ठेवून तिने विचारलं.

त्याने खरंच विचार केला. “कळलंच नाही. शिंक आली आणि गेली, असं.” आणि मग त्याला हसू फुटलं, कारण या शिंकेसाठी त्याने इतके पावसाळे मान खाली घालून काढले होते.

कोणाची दोरी आधी चुकली यावर तिघांचं भांडून झालं. मग मास्तर खाकरले. “मग... आम्ही वर जाऊ? तुम्ही थांबाल ना खाली?” मास्तरांनी त्याला तुम्ही म्हटलं हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही. इतकी वर्षं हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. दोरीपाशी तो असायचाच, दगड असावा तसा.

“जा,” तो म्हणाला.

ते गेले. तो नेहमीच्या खडकावर जाऊन ओली दोरी हातभर हातभर पिशवीत भरू लागला. भरून झाली की एक हात वर करायचा, मगच वरचा माणूस निघायचा. थोड्याच वेळात कड्यावर तीन हेल्मेटं दिसली. तिन्ही खाली, त्याच्याकडे, बघत होती. मुलगी शेजारी येऊन बसली. तिने वर पाहिलं, बापाकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

“बाबा, हे तुमच्या हाताकडे बघतायत?”

“हो.”

“म्हणजे तुम्ही हात केल्याशिवाय कोणी हलत नाही?”

“आजवर तरी नाही.”

दोरी भरून झाली होती. पादचाऱ्याने पिशवी उलटी केली, सगळी दोरी खडकावर ओतली आणि पहिल्यापासून भरायला घेतली. मुलीने पिशवीचं तोंड उघडं धरलं. “सावकाश, बाबा,” ती म्हणाली. “घाई कुणाला आहे?”