रक्तवाहिनीच्या बाजूची कड

“व्हेसलच्या बाजूला अजून जिवंत दिसतंय,” पडद्यापलीकडे कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. मी बुटाची नाडी बांधत होते. बोलणं माझ्याच स्कॅनबद्दल होतं.

आज मी बरी आहे. हे आधीच सांगते, कारण असे अनुभव मी स्वतः शेवटापासून वाचायचे.

माझा कॅन्सर पायातून उजव्या फुफ्फुसात पोचला होता. त्या फुफ्फुसाचा एक भाग आधीच काढलेला. नंतर उगवलेल्या गाठीवर मँचेस्टरमध्ये क्रायोअब्लेशन झालं. म्हणजे गाठीत बारीक सुई घालून ती गोठवतात, बर्फाचा गोळा तयार होतो आणि पेशी मरतात. पण शेजारून मोठी रक्तवाहिनी जात होती. तिच्यातलं गरम रक्त सतत वाहत राहतं, त्यामुळे त्या बाजूला बर्फ नीट धरत नाही. याला हीट सिंक म्हणतात. माझ्या गाठीची तेवढीच कड वाचली होती.

कन्सल्टंट बाईंनी दोन मार्ग सांगितले. एक, सर्जरी करून आणखी एक भाग काढायचा. दुसरा, पुन्हा गोठवायचं, पण वेगळ्या पद्धतीने.

“या वेळी जास्त सुया, त्याही रक्तवाहिनीच्या बाजूला. आणि तीनदा गोठवून वितळवायचं. पहिल्यांदा वितळलं की आसपासच्या हवेच्या जागेत थोडं रक्त भरतं, मग पुढचा बर्फ जास्त पसरतो. काही दिवस खोकल्यातून रक्त येईल. खात्री देता येणार नाही.”

पुण्याहून आलेल्या आईने विचारलं, “डॉक्टर, तुमची मुलगी असती तर तुम्ही काय केलं असतं?”

पुण्यात डॉक्टर या प्रश्नाचं उत्तर देतात. या बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघत म्हणाल्या, “मला यांना विचारायला हवं.”

मी विचार करून सांगते म्हणाले आणि सुटले.

घरी लंडनमधल्या पिनरची मावशी फोनच्या स्पीकरवर होती. “काढूनच टाका गं एकदाचं.”

“हिला विचारून उपयोग नाही,” आई म्हणाली. “काहीही विचारा, आय अ‍ॅम फाइन. बारशाला तेच नाव ठेवायला हवं होतं.”

मी चहा गाळता गाळता हसले. तेवढ्यात सर्जरीचं ठरलंसुद्धा.

पुढच्या अपॉइंटमेंटला आईने वेटिंग रूममध्ये इंग्रजी वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं. आत गेल्यावर म्हणाली, “वी हॅव डिसायडेड. सर्जरी.” डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

पहिल्या सर्जरीनंतर माझं सगळं पूर्ववत झालंय, असं आईला वाटत होतं. तिचे व्हिडिओ कॉल मी नेहमी बसून घ्यायचे.

“आई, थांब जरा,” मी म्हणाले. “मला जिना चढताना दम लागतो. खूप महिने लागतोय. अजून फुफ्फुस नको काढायला. आधी गोठवूया.”