बंदर लाईनचा फलक

जळगावात समुद्र नाही, हे मला माहीत होतं. तरीही जुन्या बाजारातल्या सात दुकानांच्या फलकावर मी बंदराचा इतिहास लिहिला. मी मराठीचा शिक्षक असल्यामुळे माझ्या लिहिण्यावर कोणी शंका घेत नाही. तेव्हा ते सोयीचं वाटलं, आता त्याचीच लाज वाटते.

ही दुकानं भिंतीला भिंत लावून एका ओळीत उभी आहेत. खाली काळा दगड, वर सागवानी गॅलऱ्या. कापसाच्या भरभराटीत बांधलेली. आता तिथे मोबाईलची कव्हरं, स्टीलची भांडी आणि नानांचं दोर-सुतळीचं दुकान. ओळीला सगळे ‘बंदर लाईन’ म्हणतात. आमच्या बाजारात निम्मं हिंदी चालतं, त्यामुळे बंदर म्हणजे माकड. आणि माकड नानांच्या घराण्याचं, असं बाजाराने ठरवून टाकलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या नानांना शेजारचा भांडीवाला रोज सकाळी विचारायचा, “नाना, आज कोणत्या फांदीवर?”

दुकानदारांनी इतिहासाचा फलक लावायचं ठरवलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्याच संध्याकाळी नाना पिंप्राळ्याला माझ्या घरी आले. चहाला हातही लावला नाही.

“सर, नातीला पाहायला पाव्हणे येणार आहेत. दुकान पाहतीलच. तेवढं माकड फलकावर नको.”

“नाना, जे खरं असेल तेच लिहीन,” मी म्हणालो. तेव्हा मी असंच बोलायचो.

खरं काय ते विचारायला धुळ्याला गेलो. देवपुरात अक्का राहतात. ओळीतलं पहिलं दुकान त्यांच्या वडिलांचं. नव्वदीच्या अक्कांनी सांगितलं, की नानांच्या आजोबांनी दुकानाच्या खांबाला खरंच माकड बांधलं होतं. ते गिऱ्हाइकाची टोपी पळवायचं. आजोबा टोपी परत मिळवून द्यायचे, पण आधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात दोर मारायचे.

“बठ्ठं खरं शे,” अक्का अहिराणीत म्हणाल्या. म्हणजे सगळं खरं आहे.

परतीच्या एसटीत वही उघडली. डोळ्यांसमोर नाना आले. मग लिहिलं: ‘येथून कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे रवाना होत, म्हणून ही बंदर लाईन.’ गाठी जात होत्या, ते खरंच आहे. फक्त ‘म्हणून’ खोटं. ते अव्यय आहे, ते बदलत नाही, असं मी वर्गात शिकवतो. त्याने बाकीचं किती बदलतं, ते शिकवत नाही.

दुकानदारांना बंदर फारच आवडलं. मोबाईलवाल्याने भिंतीवर लाटा काढून घेतल्या. भांडीवाल्याने पेंटरला शटरवर नांगर काढायला सांगितलं. पेंटर अमळनेरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याने नांगर काढला, बैलजोडीसकट.

उद्घाटनाला नानांनी मुद्दाम पाव्हण्यांना बोलावलं होतं. मी शिष्टाचार म्हणून अक्कांना कळवलं होतं. त्या येतील असं वाटलं नव्हतं. भाच्याच्या गाडीतून त्या उतरल्या, चष्मा पुसला आणि फलक मोठ्याने वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी बैलांकडे पाहू लागलो.

“आनि माकड?” अक्कांनी विचारलं.

“कोणतं माकड?” पाव्हण्यांतले मुलाचे आजोबा पुढे सरकले. त्यांना सगळे आबा म्हणत होते.

नानांचा चेहरा उतरला. भांडीवाल्याने तोंड उघडलं होतं. मीच बोलायला हवं होतं, सगळी चूक माझी होती. पण मी बैलांची शिंगंच पाहत राहिलो.

अक्कांनी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा पाव्हण्यांसमोर नटून उभ्या असलेल्या त्यांच्या नातीकडे.

“याना आजानं माकड. बोटमा बशीसन उनं व्हतं, परदेशथीन.”

“परदेशातून, बोटीत बसून आलं?” आबांनी विचारलं. “म्हणजे त्या काळात इम्पोर्टेड?”

“हो ना आबा,” नाना म्हणाले. त्यांची मान हळूहळू ताठ झाली. “आमच्याकडे साधं माकड कोणी ठेवलंच नाही.”

भांडीवाल्याने तोंड मिटलं. आठ दिवसांत सोयरीक जमली.

मी नानांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं: अक्कांनी काय सांगितलं, मी काय लिहिलं. फलक दुरुस्त करू, म्हणालो.

“करायचाच आहे,” नाना म्हणाले. “माकडाची ओळ राहिली. बोटीचं नक्की लिहा. लग्नाला आबांचे सगळे नातेवाईक येणार आहेत.”

मी लिहून दिली. शुद्धलेखन तेवढं दोनदा तपासलं.