लग्नाची अमेरिकन टेप

आईच्या लग्नाची टेप घरात होती, पण ती नीट कुणी पाहिलीच नव्हती. आईचे वडील लोधिवलीजवळ एका बंगल्यावर माळीकाम करायचे. मालकांचा अमेरिकेतला पाहुणा पोशीर गावी या लग्नाला आला, त्याने शूटिंग केलं आणि तिकडे गेल्यावर टेप पाठवली. ती येईपर्यंत मामा वारला होता. आईचा एकुलता एक भाऊ. लग्न वैशाखात झालं आणि आषाढ लागायच्या आत तो काविळीनं गेला.

भाड्याच्या व्हीसीआरवर टेप लावली, तर चित्र काळंपांढरं, आणि माणसं खालून वर सरकत नाहीशी होणारी. आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, ती बंद करायला लावली. टाकवतही नव्हती, तेव्हा दमट हवा लागू नये म्हणून भाताच्या कणगीत पुरून ठेवली.

आई एवढंच म्हणायची, "माझ्या लग्नात धडधाकट व्हता. झालं ते मागनं झालं." या वाक्याचा तिला आधार होता, असं मला वाटतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथे कळलं की टेप बिघडलेली नव्हती. अमेरिकेची टीव्हीची पद्धत एनटीएससी, आपली पाल. सेकंदाला किती चित्रं आणि रंग कसा नोंदवायचा, दोन्हींत फरक. भिसेगावच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी दोन्ही पद्धती चालणारा व्हीसीआर वापरायला दिला. टेपचं झाकण उचलून ते म्हणाले, "कोंडा गेलाय रं आत. येकदाच चालंल. मधी थांबवू नको, फीत अडकंल."

सकाळी व्हीसीआरची एक वायर टीव्हीला आणि एक, टेप उतरवून घ्यायला, लॅपटॉपला जोडली. चित्र आलं. स्थिर, रंगीत. आई पुढे सरकून बसली.

"बघ तुझा बाप. मांजरानं धरल्यागत बसलाय."

सगळे हळदीनं माखलेले. मग मामा आला, नवरदेवाचा कान पिळायला. बाबांनी मान चुकवली, मामा हसला, आणि पाहुण्यानं कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ नेला.

आई हसायची थांबली.

"डोळे असे का रं दिसतात त्याचे?"

"हळद आहे ना सगळीकडे."

"डोळ्यात कोन घालतंय हळद?"

या पद्धतीत रंग घसरतात, असं मी वाचलं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सगळं चित्र पिवळट किंवा निळसर करणारी पट्टी सापडली. मी ती थोडी सरकवली. मामाच्या डोळ्यांतला पिवळा कमी झाला, पण शेजारच्या म्हाताऱ्याची पांढरी टोपी निळी झाली. पट्टी परत आणली. टोपी पांढरी, डोळे पिवळे. आई टोपीकडेच बघत होती. मला वाटलं, तिला कळणार नाही. तिला कळलं होतं: टोपी पांढरी, म्हणजे रंग खरे.

"जेवायला नको म्हनत व्हता," ती म्हणाली. "पोटात ढवळतंय म्हनला. मीच शपथ घालून बसवला." मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "आता पंगत येईल. बंद कर."

बंद केली असती तर टेप पुन्हा चालली नसती. मी फक्त टीव्ही बंद केला. आई उठली नाही. काळ्या पडद्यासमोर आम्ही दोघं बसून राहिलो. व्हीसीआर घरघरत होता, आणि लॅपटॉप पंगत उतरवून घेत होता.