शेवटचं वाक्य सोडून

शांतवनकाका अर्ध्या कप चहालासुद्धा प्रार्थना करायचे. भोरच्या एसटी स्टँडवर टपरीवाल्यानं कटिंग पुढं केली की ते ग्लास खाली ठेवायचे, टोपी काढून काखेत धरायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला गाड्या मागं येतायत, पोरं शिट्ट्या मारतायत, काकांना काही नाही. "हे दयाळू देवा, ह्या अन्नाबद्दल आणि हे रांधणाऱ्या हातांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. जे आज उपाशी आहेत त्यांची आठवण ठेव. तुझा पुत्र, आमचा तारणारा येशू ख्रिस्त, याच्या नावानं मागतो. आमेन." टपरीवाला एकदा म्हणाला, "काका, नुसत्या चहाला अन्न कशाला म्हणता?" काका म्हणाले, "तुझ्या चहात दूध किती असतं ते देवाला कशाला सांगू?"

काका एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी भोरच्या डेपोत, वेल्ह्याकडच्या फेऱ्यांवर गेली. बोलताना ते आमच्यासारखंच न्हाई, लई, हितं असं बोलायचे, पण प्रार्थनेला लागले की एकदम पुस्तकातलं मराठी. आवाज नाकातून यायचा, 'देवा' तेवढं पोटातून. 'उपाशी आहेत' म्हटलं की एक श्वास आणि बारीक खोकला, घंटीची दोरी ओढल्यासारखा. मला हे इतकं बारीक माहीत आहे कारण मी नकलाकार आहे. लग्नात, वाढदिवसाला, शाळेच्या गॅदरिंगला नकला करतो, आणि उरलेल्या वेळात 'समीर साउंड' नावाचा माझा धंदा आहे, दोन स्पीकर, एक मिक्सर आणि एक टेम्पो. आमचं घर आणि काकांचं घर यांच्यात एकच भिंत. त्यामुळं पहिली नक्कल मी त्यांचीच बसवली. काका मला समीर कधी म्हणाले नाहीत. रेडिओ म्हणायचे.

सातवीत असताना मी ती नक्कल त्यांच्याच ओट्यावर त्यांच्यासमोर केली. टोपी काखेत, नाकातला आवाज, खोकला, सगळं. काका हसून हसून लाल झाले, सुमनकाकी पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी जोरात येऊन शेवटचं वाक्यही म्हणून टाकलं, आमेनसकट. तेव्हा काकांचं हसू थांबलं. चिडले नाहीत. मला जवळ बसवून म्हणाले, "रेडिओ, बाकी सगळं कर. शेवटचं वाक्य तू म्हणू नको. तुला ते खरं वाटत न्हाई, आन मला ते गंमत वाटत न्हाई. मग ते बोलायचं कशाला?"

घरी येऊन मी अम्मीला सांगितलं, तर तिनं पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "बरोबर बोलले. अल्लाहला बेटा नाही." म्हणजे दोन्ही बाजूंनी मलाच.

काका सगळ्या गल्लीला सलाम करायचे. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, एकमेकांना भेटल्यावर सलामच म्हणतात. फलटणची माझी खाला, म्हणजे मावशी, पहिल्यांदा आमच्याकडं आली तेव्हा काकांनी ओट्यावरून सलाम केला. खाला आत येऊन अम्मीला म्हणाली, "शेजार चांगला मिळालाय गं तुला, आपलेच आहेत." अम्मी म्हणाली, "आपलेच आहेत, पण किरिस्ताव आहेत." खाला दोन दिवस विचार करत होती.

अम्मी आणि काका यांच्यात ओट्यावर बसल्या बसल्या वाद चालायचे. रमजानमध्ये काका म्हणायचे, "भाभी, आमच्यात उपास केला तर कुणाला कळू द्यायचा न्हाई. तोंड धुवायचं, डोक्याला तेल लावायचं, आन हसत फिरायचं. तुमचा तर सगळ्या गावाला माहीत." अम्मी म्हणायची, "तुमचा लपून असतो म्हणून सोडला तरी कळत नाही, शांतवनभाऊ." मग काका विषय बदलायचे, कारण त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात आमच्याच घरी भजी खाताना ते दोनदा सापडले होते.

पण एका बाबतीत वाद नव्हता, आणि तेच मला लहानपणी टोचायचं. बकरीदला अम्मी कुर्बानीच्या मटणाचा डबा काकांकडं पाठवायची आणि काका तो परत पाठवायचे. दर वर्षी. एरवी ईदचा शीरखुर्मा दोन वाट्या, बिर्याणी तर मागून घेणार. हा एक डबा नाही. दारात येऊन टोपी काढणार, डबा दोन्ही हातांनी घेणार, झाकण न उघडता त्यावर गुळाचा खडा ठेवणार आणि माझ्याच हातात देणार. "भाभीला सलाम सांग. म्हणावं, आमचा बळी एकदाच झाला, क्रुसावर. त्याच्यापुढं मला दुसरा चालत न्हाई."

मी अम्मीला म्हणायचो, "खात नाहीत तर पाठवतेस कशाला?" ती म्हणायची, "शेजाऱ्याचा हिस्सा असतो त्यात. पाठवणं माझ्याकडं, घेणं त्यांच्याकडं." परत आलेला डबा अर्थातच मी संपवायचो. काकांच्या श्रद्धेवर मी चांगला पोसलो गेलो. पण आत कुठंतरी वाटायचं की बाकी सगळं तोंडदेखलं असेल आणि हा परत आलेला डबाच खरा. खरं म्हणजे आम्हाला ते कमीच समजत असतील.

हे चार वर्षांपूर्वी फिटलं. काकांच्या मंडळीनं तीन संध्याकाळची उज्जीवन सभा ठेवली होती, म्हणजे बाहेरून वक्ते येतात, गाणी, प्रार्थना, उपदेश. साउंड माझं. काकांनीच काम मिळवून दिलं होतं, तसं माझं पहिलं कामही त्यांनीच नाताळात दिलं होतं, मिक्सर हप्त्यावर घेतला होता तेव्हा. पुण्याहून एक पाहुणे आले होते. माणूस गोड, आवाज झकास, मी पहिल्याच दिवशी मनात बसवून टाकला. मला म्हणाले, "भाऊ, नाव काय?" म्हटलं, समीर. "छान," म्हणाले. समीर सगळ्यांच्यातच असतात.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांचा विषय निघाला मुसलमानांचा. आपला देव वेगळा, त्यांचा वेगळा. त्यांच्यात मिसळू नका. ताटाला ताट लावू नका. गोड आवाजातच बोलत होते. मी मिक्सरपाशी बसून ऐकत होतो. समोरच्या रांगेत लहानपणापासून ओळखीची माणसं माना डोलवत होती. काहींनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि पटकन पुढं बघायला लागली. मग पाहुणे म्हणाले, "तुमच्यातलेच शांतवनभाऊ बघा. आयुष्यभर मुसलमानांच्या शेजारी राहिले, पण कुर्बानीचा तुकडा तोंडाला लावला नाही. भाऊ, पुढे या, साक्ष द्या."

माझं बोट आवाजाच्या बटणावर होतं. एवढंसं खाली ओढलं असतं तर काका काय बोलतात ते कुणाला कळलं नसतं, मलाही नसतं. खरं सांगतो, ओढणारच होतो. लाइट गेली म्हणून सांगायचं, भोरला कोण अविश्वास दाखवणार.

काका उठले. टोपी काखेत. माइक हातात घेऊन पहिलं वाक्य बोलले, "रेडिओ, आवाज वाढव."

मी वाढवला.

"पाव्हणं बोलले ते खरं हाय," काका म्हणाले. "भाभींच्या घरची कुर्बानी मी खात न्हाई. का खात न्हाई ते भाभीला ठाऊक हाय, कारण मी त्यांना तोंडावर सांगितलंय. आता पाव्हणं म्हणतात, लांब रावा. लांबनं न्हाई म्हणायला काय लागतंय? माझ्या दारात डबा येतो म्हणून मला न्हाई म्हणता येतं. तुमच्यातल्या कुणाच्या दारात येतो, सांगा."

एक पंखा तेवढा कुरकुरत होता.

"भाभी म्हणतात, येशू क्रुसावर गेलाच न्हाई, देवानं त्याला तसाच वर उचलला. मी म्हणतो, गेला, आन माझ्यासाठी गेला. ते काढलं तर माझ्याकडं काय राहतंय? मी ह्यातनं तसूभर हलणार न्हाई आन त्या बी हलणार न्हाईत. पण मरियमेचं नाव घेतलं की त्या डोक्यावर पदर घेतात. आपल्यात कोण घेतं? हात वर करा." एकही हात वर आला नाही. सुमनकाकींनी तेवढा हळूच पदर वर ओढला. "गाडी एक असली तरी तिकीट ज्याचं त्याचं असतं. मी माझं तिकीट फाडणार न्हाई. पण दुसऱ्याचं तिकीट वेगळ्या गावाचं हाय म्हणून त्याला उभं ठेवायचं, असं मी नोकरीत कधी केलं न्हाई. शेजाऱ्यावर प्रीती कर असं लिहिलंय. त्याच्यापुढं कंसात काय लिहिलेलं न्हाई. आन माझा आवाज तुमच्यापत्तोर ज्यानं आणला तो मागं बसलाय, त्याच भाभींचा ल्योक. बसतो."

सभा संपल्यावर पाहुणे मिक्सरपाशी आले. चेहरा उतरला होता. काकांना म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही हो." काका म्हणाले, "सांगितलं असतं तर दुसरं बोलला असता का? मग ते ह्याच्यापेक्षा वाईट."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्यांना धरून आमच्या घरी घेऊन आले. काका नेहमीसारखे चहावर प्रार्थना करून मोकळे झाले, तोपर्यंत अम्मी किटली हातात धरून थांबली, तीही नेहमीसारखी. पाहुण्यांनी तिला अडखळत विचारलं, तुम्ही येशूला काय मानता. अम्मीनं पदर घेतला आणि सांगितलं, पैगंबर मानतो, मरियमचा मुलगा मानतो, देवाचा मुलगा मानत नाही. पाहुणे म्हणाले, "आमचं तर सगळं त्यावरच उभं आहे." अम्मी म्हणाली, "मला माहीत आहे. खारी घ्या, नरम पडेल." त्यांनी घेतली. जाताना अम्मीला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "काल चुकलं माझं." मी त्यांची नक्कल आजवर कुठं केलेली नाही. झकास आवाज होता, तरी.

गेल्या वर्षी काका आजारी पडले. पुण्याला दवाखान्यात न्यायचं तर माझ्या टेम्पोतच मागं गादी टाकून न्यायचो, कारण मोटारीत त्यांना पाय लांब करता यायचे नाहीत. एकदा कामथडीपाशी गाडी अडकली होती. त्यांना हसवायचं म्हणून मी म्हटलं, "काका, वर गेल्यावर कुणाचं खरं निघतंय ते कळवा." म्हणाले, "तिथं रेंज नसती." मग म्हणाले, "तुझ्यासाठी मी रोज मागतो, रेडिओ."

"काय मागता?"

"ते त्याला सांगतो, तुला न्हाई. तुझी आई माझ्यासाठी काय मागती ते मला तरी कुठं सांगती?"

मी घरी अम्मीला विचारलं. ती लाजली आणि भांडी घासायला लागली. म्हणजे दोघं पन्नास वर्षं दुसऱ्याला आमच्या वाटेवर आण म्हणून देवाच्या मागं लागले होते, आणि मधल्या वेळेत एकमेकांना भजी आणि गूळ देत होते.

काका उन्हाळ्यात गेले. कबरीपाशी साउंड मीच लावलं. त्यांच्यात पेटीत ठेवतात, आमच्यात नुसत्या कफनात, बाकी माती दोन्हीकडं सारखीच मूठमूठ टाकतात. मीही टाकली.

त्यानंतर बकरीद आली. अम्मीनं डबा भरला आणि हातात धरून ओट्यावर बसून राहिली. म्हणाली, "आता परत कोण पाठवणार?" तिला भीती होती की सुमनकाकी भिडेपोटी ठेवून घेतील. मी म्हटलं, जाऊन तर येतो.

काकी स्वयंपाकघरात ताट वाढून घेऊन बसल्या होत्या. भाकरी, आमटी. आमटीवर साय धरली होती. म्हणाल्या, "वाढून घेते, पण घास उतरत नाही रे. जेवणाआधी ते म्हणायचे, मी नुसतं आमेन म्हणायची. माझ्या तोंडून निघतच नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "रेडिओ, एकदा त्यांच्या आवाजात म्हण."

मी डबा खाली ठेवला. टोपी नव्हती, तर गळ्यातला रुमाल काखेत धरला. डोळे मिटले. दयाळू देवा, पोटातून. अन्नाबद्दल, रांधणाऱ्या हातांबद्दल, नाकातून. जे आज उपाशी आहेत त्यांची आठवण ठेव. श्वास, खोकला. तिथं मी थांबलो.

काकींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांच्या स्वतःच्या आवाजात, बारीक पण सरळ, त्यांनी शेवटचं वाक्य म्हटलं आणि आमेनही म्हटलं. डोळे पुसले आणि भाकरीचा तुकडा मोडला. "बरं केलंस थांबलास," म्हणाल्या. "म्हटलं असतंस तर ते आले असते उठून." अर्धी भाकरी खाल्ली तोवर मी बसून राहिलो.

मग त्या उठल्या, हात धुतले, डबा दोन्ही हातांनी उचलला, झाकण उघडलं नाही. फडताळातून गुळाचा खडा काढून झाकणावर ठेवला. "भाभींना सलाम सांग," म्हणाल्या. "पुढचं त्यांना माहीत आहे."

अम्मी दारातच उभी होती. "आला परत?"

"आला."

तिनं गूळ उचलला, दातानं अर्धा तोडला आणि अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.