पडद्यावरचं गाऱ्हाणं

मुंबईच्या एका वर्तमानपत्राने त्या सिनेमाला साडेतीन तारे दिले, दुसऱ्याने दीड. आमच्या गल्लीने एकही दिला नाही, कारण सव्वादोन तासांत भूत एकदाही दिसत नाही. "भूतच नाय, तर भ्यायचं कुणाला?" असं आमच्या दूधवाल्याने मला दारात उभं राहून विचारलं, जणू सिनेमा मीच काढला होता.

मला विचारायचं कारण, मी इथल्या एका छोट्या साप्ताहिकात सिनेमांवर लिहिते. शाळेतून निवृत्त झाल्यावर जडलेली खोड. एरवी मी सिनेमा बघून घरी येते, चहा ठेवते, आणि चहाला उकळी फुटेपर्यंत माझं मत तयार असतं. या सिनेमाचं तसं झालं नाही. संपादक फोन करत राहिले आणि मी "लिहिते, लिहिते" म्हणत त्यांना टोलवत राहिले.

त्याला कारण माझा दादा. आमचं गाव पालीपासून आत. तिथल्या देवळात सणावाराला गाऱ्हाणं घालायचं काम गेली तीस वर्षं दादा करतो. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलणं. एकेक मागणं मागून तो थांबतो, जमलेली माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात, मग पुढचं मागणं. सिनेमावाल्यांना असाच खरा माणूस हवा होता. त्यांनी दादाला विचारलं आणि तो हरखून गेला. पण सिनेमातलं गाऱ्हाणं देवाला नव्हतंच. रानात जे काही आहे आणि ज्याचं नावही कोणी घेत नाही, त्याला होतं. जाहिरात मोबाइलवर आली आणि गावात कुजबुज सुरू झाली, की यानं गाऱ्हाण्याचा खेळ केला.

दादाचा फोन आला. "बाय, तू जाऊन बघ. मी गाऱ्हानं घालतो तवा लोकं काय करतात त्येवढं बघ. हसली, तर ह्या शिमग्याला मी उभा ऱ्हानार न्हाय. दुसरा कोन घालूदे."

"तू स्वतः का जात नाहीस?"

"माज्या म्होरं कोन खरा हसंल?"

मला रागच आला. "मला सिनेमा बघायला पाठवतोयस की देवाला कौल लावायला?" मी म्हटलं. तो एरवी अशा बोलण्यावर खो-खो हसतो, त्या दिवशी "जाशील ना?" एवढंच म्हणाला. मग माझाही राग ओसरला. वहिनी गेल्यापासून लोक त्याला घरी बोलवायला येतात ते या एका कामासाठी. ते सुटलं तर तो दिवसभर करणार काय, हे मला कळत होतं.

गेले दुपारच्या खेळाला. अर्धं थिएटर भरलेलं. पडद्यावर धुकं, ओला वारा, एक बाई अंधाऱ्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. मुंबईच्या समीक्षकाने याला काय काय सुंदर नावं दिली होती. माझ्या मागचा गृहस्थ मात्र बायकोला सगळं समजावून सांगत होता. "हे आपल्या भाट्याच्या समुद्राकाठचं सुरूबन. दुपारी काढलंनी आनि रात्र दाखवतायत." पुढच्या रांगेतली एक बाई वैतागून म्हणाली, "एवढा काळोख हाय तर वायरमनला तरी बोलवा!" सगळे हसले. मीही हसले. शेंगदाण्यांच्या पुड्या उघडल्या. भीती नावालाही नव्हती.

आणि दादा आला. डोक्याला मुंडासं, हातात नारळ. मागे गावकरी माना खाली घालून उभे. "बा म्हाराजा, आज ही तुजी लेकरं तुज्या म्होरं उभी हायत, त्येंच्याकडं नजर ठेव रं म्हाराजा!" आणि तो थांबला.

उत्तर आलं नाही. सिनेमातले गावकरी तोंड मिटून उभे. वारासुद्धा बंद केलेला. साडेतीन तारे देणाऱ्याने याच शांततेवर अख्खा परिच्छेद लिहिला होता, की प्रार्थनेनंतरचं हे मौन म्हणजे सिनेमातली सगळ्यात भयानक जागा. खरं होतं ते. पुड्यांचा आवाज थांबला.

दादाने दुसरं मागणं मागितलं, पुन्हा थांबला. तेवढ्यात मागून कोणीतरी हलकेच म्हणालं, "व्हय म्हाराजा." तिसऱ्या वेळी दहा-पंधरा जण म्हणाले. चौथ्या वेळी सगळं थिएटर म्हणालं, आणि त्यात माझाही आवाज होता. जिने जन्मभर वर्गात "असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका" म्हणून मुलांना दटावलं, तिचा. प्रसंग संपला आणि लोक हसले. मोठ्याने हसले. मीसुद्धा.

मध्यांतरात दिवे लागले तेव्हा मी सरळ मागे वळले. शिक्षिकेला भीड नसते. "तुम्ही व्हय म्हणालात ना?" मी त्या गृहस्थाला विचारलं.

"म्हटलं की. गाऱ्हानं तसंच अधांतरी कसं सोडायचं, म्याडम?"

"मग हसलात कशाला?"

त्याने बायकोकडे बघितलं. "काय की. हसू आलं," तो म्हणाला आणि चहा आणायला गेला.

हे दादाला काय सांगायचं? म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, संध्याकाळच्या खेळाला. तिथे कॉलेजची पोरं. त्यांना ही जागा कुठूनतरी आधीच कळलेली. दादा दिसताच शिट्ट्या, हातांत मोबाइल उंचावलेले. पहिल्याच थांब्याला "व्हय म्हाराजाऽऽ" असा गलका आणि हशा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, चीडही आली. संपलं सगळं, असं वाटलं. पण शेवटच्या मागण्याला शेजारच्या मुलीकडे लक्ष गेलं. तिने हात जोडले होते, मोबाइल दोन्ही तळव्यांच्या मध्ये तसाच धरलेला, चित्रीकरण चालू. ती चेष्टा करत होती की नमस्कार, मला सांगता येईना. तिला तरी आलं असतं का, कोण जाणे. आणि आम्ही सगळ्यांनी व्हय म्हटलं ते कुणाला? पडद्यावर तर देव नव्हताच.

घरी येऊन लिहायला बसले. सिनेमा लोकांना आवडला? नाही. ते घाबरले? घाबरवायच्या जागेवर ते उलट बोलते झाले. मग सिनेमा फसला? एवढं एकजीव झालेलं थिएटर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तीन कागद फाडले आणि सकाळच्या बसने पाली आणि तिथून गाव गाठलं.

दादा परसात पातेरा झाडत होता. सुकल्या पानांचा ढीग झाला होता कमरेएवढा. मला बघून थांबला, पाणीसुद्धा विचारलं नाही. "हसली?"

"लोक हसले," मी म्हटलं. खोटं बोलायचं येताना बसमध्ये ठरवलं होतं, पण जमलं नाही. "पण व्हयसुद्धा म्हणाले."

"कंचं व्हय?"

"तू थांबलास की दर वेळी. सिनेमातली माणसं गप्प होती, म्हणून थिएटरातली म्हणाली. मीपण म्हटलं."

तो ढिगाच्या कडेला चिऱ्यावर बसला. मग म्हणाला, की शूटिंगच्या दिवशी त्याच्या मागे उभी होती ती सगळी आपल्याच गावातली माणसं. त्यांना ताकीद होती, उत्तर द्यायचं नाही. एकच प्रसंग बारा वेळा घेतला. "बारा येळा गाऱ्हानं घातलंय, बाय. बारा येळा थांबलोय. मागं माजीच मानसं, आनि कोन व्हय म्हनंना. काम हाय, ठावं हाय मना. पन त्या दिसापासनं देवळात उभा ऱ्हायचं म्हटलं की भ्या वाटतं. तितं पन कोन बोल्ला न्हाय, तर?"

इतके दिवस मी समजत होते की तो हसण्याला भितोय. मी अगदी वेड्यासारखी दोन दोन खेळ बघून हशे मोजत बसले होते.

"पण दादा, ते हसलेही रे," मी म्हटलं. मला काहीच लपवायचं नव्हतं. "पोरं तर चेष्टाच करत होती, बहुतेक. मला नक्की कळलं नाही."

"हसूदेत," तो म्हणाला. "त्या दिवशी कोन हसलं पन न्हाय."

मग तो उठला, पुन्हा झाडू घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिमग्याला ये. गर्दीत उभी ऱ्हा. कोनच न्हाय बोल्ला, तर तू बोल."

मी येते म्हटलं.